सामर्थ्य कोणाचे?

कुंडलिका नदी जेथे सागराला मिळते, तेथे कोर्लईचा डोंगर पाण्यात दूरवर शिरलेला आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला आणि पायथ्याशी गाव. या किनाऱ्यावर सेवेसाठी आलो, त्या वर्षी आम्ही प्रथम तो किल्ला चढलो. तेथील दरवाजावरच्या पोर्तुगीज लेखाचा आशय असा सांगतात की, माझ्याशी झुंजल्यावाचून येथून कोणी पुढे जाणार नाही. १५९४ साली पोर्तुगीजांनी हे ठाणे निजामशाहीकडून जिंकले आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे राखले. १७३९ साली वसई पडली. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेली. दगडावरची गर्वोक्ती दगडावरच राहिली. तटाच्या आत चर्चमंदिराचे अवशेष आहेत. त्याचे छप्पर केव्हाच गेले.

सत्ता गेली तेव्हा ज्यांना जाता आले, ते गेले. ज्यांना जायला ठिकाण नव्हते, ते पायथ्याशी राहिले. ती बहुतेक शेतावर राबणारी गरीब माणसे होती. त्यांच्यापाशी ना तोफ, ना तट. तरीही मुलांचे बाप्तिस्मे होत राहिले आणि जपमाळ घरात राहिली. पोर्तुगीजांच्या संपर्कातून घडलेली एक आगळी बोलीदेखील टिकली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. आज ती बोलणारी माणसे हजाराच्या आसपास असतील. वर किल्ला भग्न आहे आणि खाली माऊंट कार्मेल मातेच्या चर्चची घंटा वाजते आहे.

देवाने तट पाडला आणि गाव राखले, असे प्रवचनात सांगण्याचा मोह येथे होतो. आम्ही तो एकदा आवरला नाही आणि त्याची आम्हांस आजही थोडी लाज वाटते. इतिहासाला श्रद्धेचा साक्षीदार म्हणून उभे करावे, तर उलटतपासणीत तो टिकत नाही. तटाच्या आतली माणसेही प्रार्थना करीतच होती, आणि नव्या राज्यकर्त्यांनी या गरिबांना येथे राहू दिले, हेही विसरता येत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. टेकण्याजोगे आपले असे काहीच उरले नाही, तेव्हा माणूस कशावर टेकतो? आणि टेकल्यावर तो हातपाय हलवतो की नाही?

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका तरुणाने हेच रोखठोक विचारले होते. “फादर, सगळे सामर्थ्य देवाचेच असेल, तर आम्ही करायचे तरी काय?” प्रश्न जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस या तपस्व्याने शिकविले, की मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो. संत ऑगस्टिनने त्याला कसून विरोध केला. पुढे ५२९ साली ऑरेंज येथील धर्मपरिषदेने ठरविले, की देवाकडे वळण्याची पहिली इच्छादेखील कृपेचेच दान होय. सेमिनरीत आम्ही हे सारे पाठ केले होते, आणि त्या तरुणाला तसेच पाठ म्हणून दाखविले. त्याचे समाधान झाले नाही. होऊ नये, हेच बरे. कारण आम्ही देवाला आणि माणसाला एका शेताचे वाटेकरी करून टाकले होते: दहा आणे त्याचे, सहा आणे आपले. कृपेचा हिशेब असा आणेवारीने होत नाही. ज्या दिवशी माणूस खऱ्या अर्थाने देवावर विसंबतो, त्या दिवशी त्याचे कष्ट कमी होत नाहीत. पण ‘हे माझ्यामुळे झाले’ किंवा ‘हे माझ्यामुळे बुडाले’ असे म्हणण्याचा हक्क तो सोडून देतो.

हे आम्हांस पुस्तकाने नव्हे, एका दारुड्या गृहस्थाने शिकविले. राखेच्या बुधवारी तो शपथ घेई, शुभ शुक्रवारी घेई, एकदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवूनही घेतली. प्रत्येक शपथेचा आरंभ ‘मी’ने होई आणि पंधरवड्यात ती मोडे. आम्ही त्याला इच्छाशक्तीवर व्याख्याने देत होतो. म्हणजे पेलाजियसच शिकवीत होतो. शेवटी कोणीतरी त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला नेले. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी ही चळवळ सुरू केली. तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही, अशी कबुली. आम्हांस ही पराभवाची भाषा वाटली. पण हा गृहस्थ गेली अनेक वर्षे दर आठवड्याला एस.टी.ने सभेला जातो, आणि मोह झाला की मध्यरात्रीसुद्धा सोबत्याला फोन करतो. शपथा घेत होता, तेव्हा त्याने कोणालाही फोन केला नव्हता.

आमची स्वतःची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, चौल, जेथे पाहावे तेथे माड आणि पोफळी आडव्या झालेल्या. त्यात महामारीची टाळेबंदी. रोज पहाटे रिकाम्या चर्चमध्ये आम्ही मिस्सा करीत असू आणि सारे देवाच्या हाती सोपवीत असू. मिस्सा झाली की दिवसभर कोणाच्याही हाती काही सोपवीत नसू. ताडपत्री कोणाला, कौले कोणाला, तांदूळ कोणाला, ती यादी आमच्या खिशात. दुसऱ्या कोणी केली तर चूक होईल, ही आमची पक्की समजूत. नवव्या दिवशी तापाने अंथरूण धरले.

एक वृद्ध बाई पेज घेऊन दाराशी आल्या. त्यांची सुपारीची वाडी त्या वादळात गेली होती. अंतर राखून, तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, “फादर, देवावर सोडलं म्हणता ना? मग आमच्यावर का नाही सोडीत?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. संत पौलाचे स्मरण झाले. त्याने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. तुला माझी कृपा पुरे, या अर्थाचे उत्तर मात्र मिळाले. या प्रसंगावर आम्ही कित्येकदा प्रवचन केले आहे. पण हाच पौल फिलिप्पैकरांनी अडचणीत धाडलेली मदत मोकळ्या मनाने घेतो आणि त्यांचे आभार मानतो, याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. आम्हांस देवापुढे दुर्बल व्हायला हरकत नव्हती. धर्मग्रामापुढे व्हायचे नव्हते. मग देवावरचे ते विसंबणे तरी कितपत खरे होते?

यादी आम्ही उशाखालून काढून त्या बाईंच्या हाती दिली. त्यांनी आणि इतर चार-पाच जणींनी ती पुन्हा लिहिली. आम्ही गाळलेली दोन घरे त्यांनी घातली. आम्हांस ती घरे ठाऊकच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात बाईंनी वाडीत पोफळीची रोपे लावली. त्यांचे वय तेव्हा सत्तरीपुढे, आणि पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. रोपांना पाणी घालायला त्यांनी शेजारच्या मुलांना बोलावले, आणि एका रविवारी आम्हांसही.

ती यादी पुन्हा आमच्याकडे आली नाही. धर्मग्रामातील अडल्यानडल्यांची नोंद अजूनही त्या बायकाच ठेवतात, आणि महिन्यातून एकदा आम्हांस वाचून दाखवितात.