स्टॅट

पाठ सैल सोडून बसा. एक श्वास घ्या, सावकाश सोडा. एकच शब्द मनात धरा: स्टॅट.

बेळगावच्या दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलेल्या येळ्ळूर गावच्या लोकांच्या कानावर तो पडलेला असतो. डॉक्टर केसपेपरवर औषधापुढे तो लिहितात आणि ते औषध ताबडतोब दिले जाते. मूळ शब्द लॅटिन, ‘स्टॅटिम’. त्याच्या मुळाशी उभे राहण्याचा धातू आहे, आपल्या संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ. ‘स्टॅटिम’चा जुना अर्थ ‘पाय रोवून, ठामपणे’. ‘लगेच’ हा अर्थ मागाहून आला.

इथे थोडे थांबा. ताबडतोब म्हटले की आपल्याला धावपळ आठवते. पाय रोवून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणून पाहा.

आता हाच शब्द धरून मन बेळगाव जिल्ह्यातल्या एका घरात न्या. बाळंतपण नुकतेच झाले आहे. बाळ रडले, सगळे तिकडे वळले. तुम्ही आईकडे पाहत राहा. गर्भाशय नीट आवळले नाही तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाईसुद्धा काही तासांत हातची जाते. तिच्याजवळ नर्सबाई उभ्या आहेत. नाळ कापून झाली, त्यांनी गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या तिला गिळायला दिल्या. रक्त वाढते का, याची वाट पाहिली नाही.

हे कल्पनेतले नाही. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातल्या १६२० बायकांवर याचा अभ्यास केला. साधारण निम्म्या जणींना औषध दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. या दुसऱ्या गटात अतिरक्तस्राव १२ टक्के, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. गोळ्या दिल्या त्या गावोगावच्या नर्सबाईंनी, घरी नाहीतर उपकेंद्रात. मला या अभ्यासातले सर्वांत मोलाचे हेच वाटते. त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार करा.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

डोळे उघडा. घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर कोणत्या दवाखान्यात जायचे, गाडी कुणाची, सोबत कोण, हे आजच ठरवा. आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर घरातल्या म्हाताऱ्यांकडूनही पाठ करून घ्या.