बाळोती

लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. पेटी आमच्या आईची. आमचं जुनं गाव गोदावरीच्या काठाला होतं, आता ते नाथसागराच्या पाण्याखाली आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, अन् मधल्या दहा वर्षांत काठच्या गावांनी आपापला पसारा बैलगाड्यांवर लादला. वडिलांनी नांगर घेतला, वखर घेतलं, दाराची चौकट उपसून घेतली. आईनं ही पेटी घेतली अन् गाडीत तिच्यावरच बसून ती पैठणला आली.

पेटीत वर कडुनिंबाचा पाला होता. हात लावला की भुगा होत होता. त्याखाली एका धडप्यात बांधलेली बाळोती. १९९० साली लेक झाली तेव्हा आईनं हातानं शिवलेले त्रिकोणी लंगोट, दुपटी, एक कुंची. कापड सगळं जुनंच. वडिलांची धोतरं अन् आईची लुगडी. मला भरून आलं. मी गाठोडं तसंच उचलून स्वयंपाकघरात नेलं अन् बायकोला म्हणालो, "हे बघ. आपल्या नातवंडाला हेच वापरायचं. ते डायपर-बियपर काही नको."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला हे शिवलेलं आठवतं. मला धुतलेलं आठवतं."

एवढंच बोलली. पण मी गाठोडं घेऊन परत ओसरीवर आलो अन् बराच वेळ नुसता बसून राहिलो. तेहतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, गांधीजी शिकवले, स्वावलंबन शिकवलं. घरात दोन मुलं वाढली. एक लंगोट मी कधी धुतला नव्हता. ओला झालेला काढलाही नव्हता. मूल ओलं झालं की "अगं, हिला घे गं" म्हणून हाक मारायची, ही माझी बाळोत्यांशी ओळख.

आता जुनं कापड का, हे नव्या वाचकाला सांगायला हवं. आपल्याकडं जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशी नवं घालत नाहीत. नव्या मांजरपाटाला खळ असते, ते अंगाला टोचतं. दहा वर्षं अंगावर वागवलेलं, शेकडो वेळा दगडावर आपटलेलं धोतर लोण्यासारखं होतं अन् पाणीही चटकन पितं. झबली-टोपडी, खण, नवं दुपटं हे सगळं बारशाच्या बाळंतविड्यात येतं. तोवर जुनंच. हे झालं सोयीचं कारण. दुसरं कारण भीतीचं. ज्या माणसानं पुष्कळ आयुष्य पाहिलं त्याचं कापड बाळाच्या अंगाला लागलं की बाळालाही आयुष्य लागतं, असं बायका मानत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं तर कापड मागून आणत. मुलाचं नावही दगडू, धोंडू, भिका, कचरू असं ठेवत, म्हणजे कुणाची नजर पडू नये. माझं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण जुन्या गावचं माणूस भेटलं की अजून दगडूच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात तीन विटांची चूल मांडली. हौस माझी, तर राबणूकही माझी, एवढं ठरवलं होतं. बाळोती पिवळी पडली होती, पेटीचा कुबट वास मारत होती. रात्रभर पाण्यात भिजत घातलेली, ती मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून उकळली. पाणी चहासारखं झालं. ओतून दिलं, परत उकळली. मग साध्या साबणाच्या वडीनं चोळून चार पाण्यांतून काढली, कारण सोडा अंगाशी राहिला तर बाळाची कातडी जाते, हे बायकोनं खिडकीतून सांगितलं. वासाचं पाणीही घालू देईना. त्यानं कापड मऊ लागतं पण पाणी पीत नाही म्हणे. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. साबण फेसच धरीना. कंबर धरली ती धरली. दुपारपर्यंत तारेवर चाळीसेक तुकडे वाळत पडले.

त्यात एक तुकडा वेगळा होता. लंगोट नव्हता, नुसता हातभर चौकोन. हिरवट जाडंभरडं लुगडं अन् कडेला लाल काठाची पट्टी. आमच्या आईच्या लुगड्यांत असं काठाचं कापड नव्हतं. पाहिल्याबरोबर ओळखलं, कारण या तुकड्याची गोष्ट आईनं मला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितली होती.

माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. एक सातव्या दिवशी, एक पाचव्या महिन्यात. १९५८ साली माझ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा आजीनं तिला रात्रीच्या अंधारात गावकुसाबाहेरच्या वस्तीत धाडलं, सुईणीकडं. "तिची सहाच्या सहा जितीजागती व्हती," आई म्हणाली, "एकबी गेलं नव्हतं. म्हनून तिचं अंगावरचं मागाया गेले. दिवसा कसं जानार? रातच्याला गेले." सुईणीनं नेसतं लुगडं पदराकडून टरकन फाडून दिलं. मी जन्मलो तेव्हा आधी त्यात गुंडाळला गेलो. मग मी जगलो, म्हणून आईनं तो तुकडा जपून ठेवला. धरणानं गाव उठवलं तेव्हाही.

हीच सुईण बाळंतपण करायची. नाळ तिनं कापायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ तिनं घालायचं, बाळंतिणीचं अंग तिनं चोळायचं अन् दहा-बारा दिवस नदीवर नेऊन बाळोती धुवायचीही तिनंच. सोयर चालू असेतोवर तिला बाळंतिणीच्या खोलीत मुभा. बाराव्या दिवशी लुगडं-खण, पायलीभर जोंधळे दिले की घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं. तेराव्या दिवशी तीच बाई आली तर अंगणात उभी. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायचं. जे बाळ तिनं पहिल्यांदा हातात घेतलं त्याला ती आता शिवली तर विटाळ.

मी आईला विचारलं होतं, "तिचं लुगडं माझ्या अंगाला चालतं, मग तिचा हात का चालत नव्हता?"

आईनं थोडा विचार केला. म्हणाली, "कापड धुता येतं, लेकरा."

आई दुष्ट नव्हती. सगळ्या गल्लीत मायाळू म्हणून तिचं नाव होतं, अन् हे वाक्य तिनं अगदी मायेनं, मला समजावून सांगावं तसं म्हटलं होतं. तारेखाली उभा राहून मी त्या वाक्याचा विचार करत होतो. कापड धुता येतं खरं. पण धुवत कोण होतं? ज्या हातांनी आमची घाण धुतली जात होती त्याच हातांचा विटाळ. म्हणजे चिखल काढणाऱ्या फावड्याला आपण दोष द्यावा, तसलं काही.

आम्ही पैठणची माणसं. दर फाल्गुनात नाथषष्ठीला इथं दिंड्या येतात, कीर्तनं होतात, अन् नाथमहाराजांची वाळवंटातली गोष्ट हटकून होते. भर उन्हात गोदेच्या तापलेल्या वाळूत गावाबाहेरच्या वस्तीतलं एक पोर रडत असतं. आंघोळ करून निघालेले नाथ त्याला उचलतात, त्याचं वाहतं नाक पुसतात, कडेवर घेऊन त्याच्या आईकडं पोचवतात. आईनं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल. डोळ्याला पदर लावूनच ऐकायची. मीही ऐकत आलो, वर्गात सांगत आलो. सोळाव्या शतकातली ती एक दुपार आम्ही अजून विसरलो नाही, याचा मला अभिमानच होता. पण उलट बाजूनं मी ती कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या पोराला एकदा कुणी उचललं त्याची गोष्ट झाली. आमची पोरं त्यांच्या बायकांनी किती पिढ्या उचलली, पुसली, धुतली, त्याची काही गोष्ट नाही. तो रिवाज होता.

लेक आठव्या महिन्यात आली. वाळून घड्या घातलेली बाळोती मी मोठ्या तोऱ्यात दाखवली. तिनं हात फिरवला, नाकाला लावली. मग म्हणाली, "आप्पा, छान आहेत. पण सव्वीस आठवड्यांची रजा संपली की पुण्यात मला कोण धुऊन देणार? अन् इथंही आईच्या गुडघ्यांनी का?"

"मी धुणार."

मायलेकी एकमेकींकडं बघून हसल्या. जावई सुट्टीला आले होते. त्यांनी मोबाइलवर शोधून सांगितलं, की आजचं घालून फेकायचं डायपर घरोघर पोचवण्यामागं एका आजोबांचाच हात आहे. व्हिक्टर मिल्स हे अमेरिकेतले रसायन अभियंते, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत. नातवंडाचे कापडी लंगोट बदलायचा त्यांना वैताग आला, म्हणून हाताखालच्या माणसांना त्यांनी कामाला लावलं अन् १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं. मला हे ऐकून हसू आलं अन् त्या आजोबांचं कौतुकही वाटलं. त्यांनी निदान ते काम हातात तरी घेतलं होतं. मी वैतागण्याइतकाही जवळ गेलो नव्हतो.

डायपर वाईटच असं मी आता म्हणत नाही. २००८ साली ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं हिशेब मांडला होता. मूल अडीच वर्षांचं होईतो फेकायच्या डायपरपायी हवेत साधारण ५५० किलो कार्बन जातो, अन् कापडी लंगोटांपायी ५७०! कापडाचं सगळं गणित धुण्यावर. गरम हवेच्या यंत्रात वाळवलं तर आणखी वाईट. उलट मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं अन् तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर २०० किलोपर्यंत वाचतात. ऊन अन् दोरी आपल्याकडं फुकट, अन् एकाची बाळोती दुसऱ्याला हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या हिशेबात बाईच्या कमरेचा रकाना नाही.

अन् डायपरनं घाण नाहीशी होते असंही नाही. २०१६ चा घनकचऱ्याचा नियम सांगत होता, की वापरलेलं डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावं. किती घरं गुंडाळतात? घंटागाडीवरची बाई उघड्या हातांनी ते वेगळं काढते, हे मी आमच्याच गल्लीत पाहतो. पूर्वी आमची घाण वस्तीतल्या बाईच्या हातावर जायची, ती निदान उंबऱ्याशी तरी दिसायची. आता पिशवीला गाठ मारली की आपण सुटलो. हात मात्र बहुतेक त्याच वस्तीतले.

नात झाली. सव्वासहा पौंडांची. पहिला महिना दिवसाला पंधरा-सोळा लंगोट. शीचे वेगळे, शूचे वेगळे, तीन बादल्या पाणी. पहिल्या दिवशी मला ओकारी आली, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी काही वाटेनासं झालं. आठव्या दिवशी रंग बघून पोट बरं आहे की नाही ते कळायला लागलं, तेव्हा मी उगाच शहाणपणानं बोलू लागलो अन् बायकोनं गप्प बसवलं. शेजारचे एक जण कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, ही कामं आता तुमच्याकडं?" मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. खरं तर मला लाज वाटली होती. कशाची, ते नीट सांगता येत नाही. बाईचं काम करतोय याची, की खालचं काम करतोय याची? दोन्हीचीही असेल. साठी उलटलेल्या, कीर्तनं ऐकलेल्या माणसाला ती वाटली, एवढं नोंदवून ठेवतो.

रात्री अन् दवाखान्यात जाताना डायपर, दिवसा घरात बाळोती, असं लेकीनं ठरवलं. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनानं खूण करायची, तेही माझ्याकडंच.

तो लाल काठाचा तुकडा मी बाजूला ठेवला होता. सांगावं की नाही, ठरत नव्हतं. आईची उणी बाजू लेकीपुढं कशाला मांडा, असं वाटायचं. बारशाच्या आदल्या रात्री सांगितली सगळी गोष्ट. ती पाळण्याची दोरी हातात धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आई तिला सुईणच म्हणायची, आजी "ती म्हातारी" म्हणायची. मी आमच्या पुनर्वसित गावठाणात जाऊन दोघा-तिघा वयस्कर माणसांना विचारलं. एकानं तिच्या थोरल्या मुलाचं नाव घेऊन "त्याची माय" म्हटलं. गाव उठलं तेव्हा सगळे एका जागी गेले नाहीत. त्या वस्तीतली काही घरं नगरकडं गेली, काही जालन्याकडं. पुढं कुणाला ठाऊक नाही.

लेकीनं तो तुकडा नातीच्या अंगाखाली घातला अन् रोजच्या बाळोत्यांत मिसळून टाकला. जपायचं नाही म्हणाली, वापरायचं. तिसऱ्या महिन्यात धुताना तो माझ्याच हातून विरला, मधोमध. काठाची पट्टी तेवढी शाबूत राहिली. बायकोनं ती नातीच्या गोधडीला कडेनं लावली आहे. नावाची चौकशी मी अजून करतो. मागच्या षष्ठीला जालन्याकडच्या एका दिंडीत आमच्या जुन्या गावचं कुणी आहे असं कळलं होतं, पण गर्दीत गाठ पडली नाही.