मुक्काम कुठे?

आदिलाबादहून गाडी उत्तरेकडे काढली की थोड्याच वेळात पैनगंगा लागते आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. हाच राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे नागपूर, पेंचचं जंगल, झाशी, आग्रा, दिल्ली, जम्मू करत श्रीनगरला पोचतो. दारावरूनच रस्ता जातो म्हटल्यावर आदिलाबादची ‘टीजी ०१’ पाटी मिरवत तसंच पुढे लडाख गाठावं, असं इथल्या मराठी घरांत एखाद्याला वाटणारच.

डोंगर आणि वाळवंट एकाच सुट्टीत बघायचं तर लडाखसारखी जागा नाही. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लडाखमधल्या लेहला जेमतेम शंभर. मोसमी ढगांना हिमालय अलीकडेच अडवतो. म्हणून नुब्रा खोऱ्यात हुंडरला वाळूच्या टेकड्या आहेत, दोन वशिंडांचे उंट आहेत आणि नजर वर केली की बर्फ.

बेत आखताना मात्र आपण वही उघडून किलोमीटर मांडतो. आज इतके, उद्या तितके. दिल्लीपर्यंत हा हिशेब चालतो, पुढे मोजायची ती उंची. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही नाही. लेह साडेतीन हजारांवर. तिथल्या श्वासात प्राणवायू समुद्रकाठच्या दोनतृतीयांशच. इंजिनही दमतं, पण ते चढावर तिथल्या तिथे कुरकुरतं. माणसाचं डोकं रात्री दुखू लागतं. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. दिवसा गाडी कुठवर चढली याला तितकं महत्त्व नाही. मुक्काम कुठे, हे आधी ठरवावं.

वाट निवडायची तीही यावरूनच. श्रीनगर सोळाशे मीटर, झोजी ला ही खिंड ओलांडून कारगिल सुमारे सत्तावीसशे, मग लेह. शेवटची उडी तरीही मोठीच, तेव्हा लेहला पोचल्यावर दोन दिवस निवांत पडून राहावं. पँगाँग सरोवर कुठे पळून जात नाही! मनालीकडून चढणारे सरचूला मुक्काम करतात, म्हणजे थेट ४,२०० मीटरच्या वर. तिथली रात्र अनेकांना भोवते.

कधी निघायचं, हे आदिलाबादेत कापूस ठरवतो. जूनमध्ये पाऊस पडला की सरकी टोबायची घाई, ऑक्टोबरपासून वेचणी. मधला सप्टेंबर त्यातल्या त्यात मोकळा, आणि तेव्हा तिकडचे दोन्ही रस्तेही बहुधा उघडे असतात. जम्मू-श्रीनगर वाटेवर रामबनजवळ दरड कोसळून वाट अडते, त्यासाठी दोन दिवस हातचे ठेवावेत. गाडीत एकाचं तरी सिम पोस्टपेड हवं. बाहेरचं प्रीपेड तिकडे चालत नाही.

परतताना मात्र खुशाल मनालीमार्गे उतरावं. तोवर अंगाला उंचीची सवय झालेली असते, आणि टांगलांग ला उतरून मोरेच्या पठारावर गाडी थांबवून चहा प्यायलाही जीव घाबरत नाही.