‘आम्ही’ आणि ‘आपण’

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या बोलण्यात शब्दांची सरमिसळ होणे अपरिहार्य आहे. कचेरीत दिवसभर हिंदी टिपणे वाचल्यावर ‘शिक्षा’ म्हणजे दंड की शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा की प्रयत्न, असा घोटाळा क्षणभर होतोच. परंतु तो फारसा घातक नव्हे. संदर्भ त्याचे निराकरण करतो. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीस हिंदीत ‘संशोधन’ म्हणतात, म्हणून ती प्रयोगशाळेत झाली असे कोणी समजत नाही.

आम्हांस चिंता वाटते ती निराळ्या जातीच्या घोटाळ्याची. त्यात दोन अर्थांमधील रेषाच पुसली जाते, आणि ती पुसल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या जोडीचे तसे होऊ लागले आहे. ज्याच्याशी बोलावयाचे त्यास वगळून ‘आम्ही’, त्यास सामावून ‘आपण’, हा भेद मराठी घरातील मुलास न शिकवता कळतो. संस्कृताच्या ‘वयम्’मध्ये तो नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. गुजरातीत, तमिळ व तेलुगूत तो आहे. द्राविडी भाषांच्या सहवासाने तो आपल्याकडे आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदी मुलखात वाढलेले मूल मात्र आईस विचारते, “आम्ही बाजारात कधी जायचं?” व्याकरणाप्रमाणे आई घरीच राहते, मुलाने मनात तिचे बोट धरलेले असते.

यावर कोणी म्हणेल, भेद गेला तर बिघडले काय? आजच्या कन्नडमध्ये हा भेद नाही, म्हणून कानडी माणसाचे घर पाहुण्यास बंद नाही. आक्षेप खरा आहे. नीती सर्वनामांत राहत नाही. श्रमाच्या वेळी ‘आपण’ आणि श्रेयाच्या वेळी ‘आम्ही’ म्हणणारी माणसे मराठीतही थोडी नाहीत. परंतु त्यांची लबाडी चटकन उघडी पडते, ती शब्द दोन आहेत म्हणून. एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली ती अधिक सुखाने झोपली असती.

आमच्या मते शब्दभेदाचे मोल एवढेच, पण ते थोडके नव्हे. तो माणसास सद्‌गुणी करीत नाही. तो त्यास प्रश्न विचारतो. समोरचा आत की बाहेर, याचा निर्णय मराठीत वाक्यागणिक करावा लागतो. तो निर्णय चुकेल, पण टाळता येत नाही. शब्द गेला की ही सक्ती जाते. आणि जे टाळता येते ते माणूस बहुधा टाळतोच.

घरापासून दूर राहणाऱ्यास हा प्रश्न विशेष लागू आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात ‘आम्ही मराठी माणसे’ म्हणण्यात गैर काही नाही. पण गल्लीतील पाण्याची तक्रार लिहिताना शेजारचे बंगाली वा पंजाबी कुटुंब ‘आपण’मध्ये यावयास हवे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ‘आम्ही’ या शब्दाने सुरू होतो. तेथे बोलणारे सर्वच लोक आहेत. त्या ‘आम्ही’बाहेर एकही देशबांधव उरत नाही. म्हणजे जगापुढे तो ‘आम्ही’ आणि एकमेकांपुढे ‘आपण’. एवढे उमगण्यासाठी तरी दोन्ही शब्द आपल्या घरांत नांदते राहिले पाहिजेत.