धनी परत आला नाहीं तर?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. निघतांना कोणी ट्रंक, कोणी भांडीं, कोणी शेळी शेजाऱ्याच्या हवालीं करितो. बहुतेक हंगाम संपल्यावर परततात. पण एखादा परततच नाहीं. कांहीं वर्षें लोटलीं कीं घरांतील कोणी म्हणतें, "हवें असतें तर तो आला नसता काय?" आणि ट्रंकेचें कुलूप निघतें. अशी वस्तु आपली होते काय, हा प्रश्न आहे.

भारतीय करार कायदा, १८७२, ह्याचें उत्तर स्पष्ट देतो. शहाणा मनुष्य आपल्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेवीची घ्यावी (कलम १५१). तशी घेऊनही ती चोरीस गेली, तर वेगळा करार नसल्यास सांभाळणारावर दोष नाहीं. फुकट सांभाळणाराचा आवश्यक खर्च धन्यानें भरून द्यावा (कलम १५८). मात्र ठेवलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूंही परत केलें पाहिजे, असें कलम १६३ चें उदाहरणच आहे.

"तीन वर्षें झालीं, हक्क बुडाला," असें कित्येक समजतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतील तीन वर्षें ठेव ठेविल्या दिवसापासून नव्हे, तर धन्यानें मागितल्यावर आपण नाकारिलें त्या दिवसापासून मोजितात. शिवाय, अप्रामाणिकपणें ठेव गिळणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणें विश्वासघाताचा गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आहे.

मग हें ओझें जन्मभर वाहावें काय? तसें नव्हे. दोन साक्षीदारांदेखत सामानाची यादी करावी. धन्यास व त्याच्या नातलगांस लेखी कळवावें. तो वारला असल्यास वारसांचा शोध करून त्यांस तें द्यावें. वकिलास विचारल्यावांचून कांहीं विकूं नये. विकणें भागच पडलें, तर खर्च वजा जातां उरलेला पैसा त्याच्या नांवें राखावा.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांतही, भावाचें चुकलेलें जनावर तो शोधीत येईपर्यंत आपल्या घरीं राखावें, अशी आज्ञा आहे. आम्हांस वाटतें, न येणारा बहुधा बेफिकीर नसतो. तो आजारी, कर्जांत बुडालेला किंवा मृत असतो. त्यानें पावती मागितली नाहीं, कारण शेजाऱ्याचा शब्द त्याला पुरेसा वाटला. त्याच्या मौनाला संमति म्हणणें म्हणजे त्याच्या विपत्तीवर नफा घेणें होय. म्हणून ज्याच्या घरीं अशी ट्रंक असेल, त्यानें ह्याच आठवड्यांत धन्याच्या आप्तांस पत्र लिहावें.