धुराची वाटणी

दिवाळीचा फराळ करून झाला की आमची आई त्याची वाटणी करायला बसे. चकल्या, करंज्या, लाडू मोजून. चिवडा मोजता येत नाही म्हणून वाटीने. थोरल्या काकांचा डबा, शेजारच्या कुंभारांचा, शाळेतल्या गुरुजींचा, रानात राबणाऱ्या गड्याचा, असे डबे ओळीने मांडलेले असत. आम्हां भावंडांची वाटणी सगळ्यांत शेवटी व्हायची, आणि तीत एका शंकरपाळ्याचाही फरक पडत नसे. न्याय म्हणजे काय, हे मी पुढे पुस्तकांत वाचले. पण प्रथम पाहिले ते ह्या वाटणीत.

परंतु त्या फराळाबरोबर त्याच चुलीवर आणखी एक जिन्नस तयार होत असे, आणि त्याची वाटणी आमच्या घरात कधीच झाली नाही. तो जिन्नस म्हणजे धूर. तो सगळाच्या सगळा एकट्या आईच्या वाट्याला जाई. आज चाळिशी उलटल्यावर, दोन मुलांचा बाप आणि शेकडो मुलांचा मास्तर झाल्यावर, मला प्रश्न पडतो तो असा, की ज्या घरात शंकरपाळ्याचा हिशेब चुकत नव्हता, त्या घरात धुराचा हिशेब कोणीच कसा मांडला नाही?

आमचे घर माणदेशातले, माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, स्वयंपाकघराला खिडकी नाहीच. छताला तेवढे एक वीतभर सवणे. धुराने त्या सवण्यातून निघून जावे अशी अपेक्षा. पण धूर काही सांगितल्या वाटेने जात नाही. पाऊस आला की सवण्यावर घमेले पालथे पडे, आणि मग धूर आणि आई दोघेही आत कोंडले जात. जळण बाभळीचे, तुराट्यांचे आणि शेणींचे. श्रावणात ते सगळेच सर्द झालेले. आई फुंकणी घेऊन चुलीशी वाके, फुंकर घाली, मग पदराने डोळे पुशी, पुन्हा वाके. बाहेर सोप्यात आजोबा बसलेले असत. धुराची एखादी लाट तिकडे गेली की ते खाकरून म्हणत, "अगं, केवढा धूर केलास!" जणू धूर ही तिने हौसेने केलेली गोष्ट होती. आई आतून उत्तर देई, "ओलं जळण हाय, मामा. धूर व्हणारच."

'धूर व्हणारच.' आमच्या घराचे सारे तत्त्वज्ञान ह्या दोन शब्दांत होते. अग्नी म्हटला की धूर, संसार म्हटला की सोसणे, आणि बाई म्हटली की चूल. ह्यात कोणी कोणावर अन्याय करीत आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे.

पुढे कधीतरी न्यायशास्त्राचे एक प्राथमिक पुस्तक माझ्या हाती आले. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला तर्कसंग्रह. आमच्या नैयायिकांनी धुरावर जितका विचार केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हे त्यांचे नेहमीचे अनुमान. आणि त्याला दृष्टांत कोणता? तर स्वयंपाकघर! जिथे धूर तिथे अग्नी, हे माणसाने पहिल्यांदा पाहिले ते स्वयंपाकघरात. मला गंमत वाटली. शतकानुशतके पंडित ह्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवीत आले. त्यांना तिथे धूर दिसला, अग्नी दिसला. त्या दोहोंच्या मध्ये डोळे पुशीत बसलेली बाई मात्र दृष्टांतात कुठेच नाही.

पण त्याच शास्त्रात पुढे जे सांगितले आहे, ते वाचून मी थबकलो. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर मात्र नाही. मग धूर येतो कशाने? शास्त्रकार म्हणतात, अग्नीला ओल्या जळणाची संगत लागली, तर धूर येतो. ह्या ओल्या जळणाच्या संगतीला ते 'उपाधी' म्हणतात. म्हणजे धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे. ती बाहेरून आलेली, आणि म्हणून दूर करता येण्याजोगी गोष्ट आहे.

आणि मला आईचे वाक्य आठवले. "ओलं जळण हाय." तिने उपाधी अचूक सांगितली होती! अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने रोज तर्कसंग्रहातले उत्तर दिले होते. आम्ही त्यातले 'धूर व्हणारच' एवढेच ऐकले, कारण तेवढे ऐकणे आमच्या सोयीचे होते.

आजचे रसायनशास्त्र निराळे काय सांगते? मी वर्गात मुलांना शिकवतो, की धूर म्हणजे बव्हंशी न जळलेले जळणच. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी आच मिळाली तर ते ज्योत होऊन जळतात, न मिळाली तर धूर होऊन उडून जातात. ओले लाकूड आपली काही आच स्वतःतले पाणी वाळवण्यातच घालवते. तेव्हा धूर होतो तिथे दोन नुकसाने एकदम होत असतात. जळण वाया जाते, आणि ते वाया गेलेले जळण कोणाच्या तरी छातीत जाऊन बसते.

ह्या उपाधीवर उपाय शोधणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे काम जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत. 'मगन चूल' ह्या नावाने जी बिनधुराची चूल पुढे देशभर माहीत झाली, ती ह्या मगनवाडीचीच. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू ह्यांनी अशाच चुलीवर काम केले आणि १९५३ साली 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' नावाची पुस्तिका लिहिली. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले, धरणे आणि पोलादाचे कारखाने ह्यांचे ते दिवस. अशा वेळी एका अभियंत्याला कोट्यवधी बायांच्या डोळ्यांतले पाणी हा आपल्या विद्येचा विषय वाटला, ह्याचे मला मोठे कौतुक आहे.

निर्धूर चुलीची करामत तशी साधी. साधी चूल तिन्ही अंगांनी उसासे टाकते. हिची अंगे बंद असतात. एका तोंडातून जळण घालायचे. जाळ पहिल्या भांड्याखालून आतल्या बोगद्याने दुसऱ्या भांड्याखाली जातो, आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर निघून जातो. भाकरीच्या आचेवरच शेजारी डाळ शिजते. जळण कमी लागते, म्हणजे डोक्यावरच्या मोळीचा एक फेरा वाचतो. भांड्यांना काजळी कमी, म्हणजे राखेने घासण्याचे कष्ट कमी. आणि मुख्य म्हणजे श्वास मोकळा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक. न्यूमोनिया, दमा, हृदयविकार, डोळ्यांत वाढणारा मोतीबिंदू, एवढे सगळे त्या 'धूर व्हणारच'च्या पोटात दडलेले असते.

आमच्याही घरी १९९६ साली अशी चूल आली. मी तेव्हा दहावीत होतो. आजोबा अखेरपर्यंत तिला मॅट्रिकच म्हणत. चूल घालणारा गवंडी आला, माती-विटांची दोन वैलांची चूल घातली, आणि सिमेंटचा नळ माळवदातून वर काढला. आईचा विश्वास नव्हता. "धुराबिगार चूल कुठं असती व्हय?" ती म्हणाली. पण त्या दिवाळीत तिने चकल्या तळल्या त्या डोळ्यांना पदर न लावता. स्वयंपाकघराची भिंत चुन्याने पांढरी केली, ती महिनाभर पांढरीच राहिली. आई येताजाता त्या भिंतीकडे पाही. शेजारणींना बोलावून दाखवी.

मग काय झाले, ते मला सांगितलेच पाहिजे. गवंडी जाताना बजावून गेला होता, की धुराडे दोन-तीन महिन्यांनी साफ करायला हवे, नाही तर काजळीने बुजेल. माळवदावर चढण्याचे काम माझे ठरले. दोनदा मी ते केले. मग मी पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला गेलो. सुटीत आलो की आई म्हणे, "नळात काजळी धरलीया." मी म्हणे, "रविवारी करतो." असे किती रविवार गेले, कोण जाणे. धुराडे बुजले, आणि ज्या चुलीतून धूर वर जायचा, ती तो सगळा तोंडातून बाहेर टाकू लागली. एके दिवशी आईने विळ्याने तिचे तोंड रुंद केले, पुढे शेणी रचल्या आणि पूर्वीसारखी भाकरी शेकायला लागली. आम्ही सगळे काय म्हणालो? "जुन्या माणसांना नवे पटत नाही." आणि आमचे समाधान झाले.

सहा वर्षांपूर्वी आईला धाप लागू लागली, म्हणून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली आणि विचारले, "आजी, विडी ओढता का?"

आई हसली. "काय बोलता सायेब! म्या मिसरीसुदा लावली न्हाई कधी."

"चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात?"

आईने बोटे मोजली आणि सोडून दिली. "लगीन झाल्यापासनं. त्याच्या आधी म्हायेरात. सात-आठ वर्साची आसंन तवापासनं."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "जन्मभर विडी ओढणाऱ्याची असतात, तशी फुप्फुसं झाली आहेत." मी मान खाली घातली. विडी ओढणाऱ्याला निदान विडीचे सुख तरी मिळते. इथे सुख आम्ही घेतले होते, गरम भाकरीचे, दिवाळीच्या चकलीचे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात एक उपमा आहे. अग्नी जसा धुराने, तशी सगळी कर्मे दोषाने वेढलेली असतात. म्हणून आपले सहज कर्म टाकू नये, असे तिथे सांगितले आहे. ह्या उपमेचा आधार घेऊन 'चालायचेच' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तिथे कर्म ज्याचे, दोषही त्यानेच पत्करायचा आहे. कर्माचे फळ साऱ्या घराने खावे आणि धूर एकीने, असे त्या उपमेत कुठेही म्हटलेले नाही. सोसणे हा गुण आहे, हे मला मान्य आहे. पण तो सोसणाऱ्याने सांगावा. न सोसणारा जेव्हा दुसऱ्याच्या सोसण्याचे गोडवे गातो, तेव्हा तो स्तुती करीत नसतो, आपली सुटका करून घेत असतो. आईच्या पाणावल्या डोळ्यांवर मी माझ्या पहिल्या कादंबरीत दोन पाने लिहिली आहेत. वाचकांना ती फार आवडली. ती लिहिण्याऐवजी मी एक रविवार माळवदावर चढलो असतो, तर बरे झाले असते.

हा केवळ आमच्या घरचा दोष होता असे मात्र नव्हे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला, आणि त्यात साडेतीन कोटींच्या आसपास चुली घातल्या गेल्या. पुढे एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या खेड्यांत सुधारित चुलींचा काही वर्षे पाठपुरावा केला आणि २०१२ साली आपला निष्कर्ष मांडला. पहिल्या वर्षी बायांच्या छातीतला धूर कमी झाला होता. पुढे तो फरक उरला नाही. लोकांनी चुली नीट राखल्या नाहीत, आणि हळूहळू वापरल्याही नाहीत. ते वाचताना मला आमचा बुजलेला नळ दिसला. चूल देणे हे एका दिवसाचे पुण्य आहे. धुराडे साफ ठेवणे हे जन्माचे काम आहे. आपल्याला पहिले आवडते, कारण त्याला हार-तुरे असतात.

आणखी एक चूक कबूल केली पाहिजे. चूल घालताना आम्ही आईला काहीच विचारले नव्हते. भाकरी तव्यावरून उतरवून जाळापुढे उभी धरून फुगवायची असते. नव्या चुलीचे तोंड त्याला अरुंद पडे. ती हे पहिल्या आठवड्यातच बोलली होती. चुलीत कुठे काय अडते, हे तिच्यापुढे बसणारीला विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या शेजारच्या फलटण भागात डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या 'आरती' संस्थेने सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले, हे मला फार उशिरा कळले. विचारायला गेलो असतो, तर माणसे दूर नव्हती.

आता कोणी म्हणेल, गॅस आल्यावर ही चर्चा कशाला? २०१६च्या उज्ज्वला योजनेपासून दहा कोटींवर घरांत नवी जोडणी गेली, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. आमच्याही घरी गॅस आहे. पण सिलिंडर संपला आणि पैसे नसले की चूल पेटते. हंडाभर पाणी तापवायचे तर चूलच पेटते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटणे लावून कढत पाण्याने न्हातो, तेव्हा ते पाणी कोणी, किती वाजता उठून, कशावर तापवले, हे एकदा आठवून पाहावे.

गेल्या वर्षी मी परसात निर्धूर चूल घालून घेतली. तिचे तोंड केवढे असावे, हे आईने आणि घरच्या मंडळींनी ठरवले. धुराडे धूर नाहीसा करीत नाही, नुसता बाहेर काढतो, हेही आता मला ठाऊक आहे. आपल्या घरचा धूर शेजारच्या अंगणात ढकलणे हे काही पुण्य नव्हे. म्हणून जळण आधी उन्हात वाळवायचे, बारीक फोडायचे आणि थोडे थोडे लावायचे, हे कामही माझ्याकडे घेतले आहे. धुराडे साफ करण्याच्या तारखांना दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने खुणा केल्या आहेत.

परवा दिवाळीआधीची ती तारीख होती. वर चढून काठीला बांधलेल्या चिंध्यांनी नळ झाडला आणि खाली उतरलो, तेव्हा माझे तोंड पाहून दोन्ही मुले हसत सुटली. आई सोप्यात डबे ओळीने मांडून फराळाची वाटणी करीत होती. धाप लागते, म्हणून मध्ये मध्ये थांबत होती. तिने माझ्याकडे वर पाहिले आणि म्हणाली, "पोराला बी चढीव वर. तू किती दिस पुरणार?"

पुढच्या खुणेच्या तारखेपुढे मी मुलाचे नाव लिहिले आहे.