काळ हे बल नव्हे

मंडळी, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी पोळ्या लाटत होते आणि मुलगी शाळेचा फिजिक्सचा अभ्यास घेऊन ओट्यापाशी आली. "आई, चेंडू हातातून सुटल्यावर त्याला पुढे कोण ढकलतं गं?"

"कोणीच नाही," मी म्हटले. तिला ते पटेना. त्यात तिचा दोष नाही. ॲरिस्टॉटललाही वाटे की गती टिकायची तर ढकलणारे काहीतरी सतत हवे. म्हणून फेकलेल्या दगडाला भोवतालची हवा पुढे नेते असे त्याने मानले. आपल्या वैशेषिकांनी बाणातच 'वेग' नावाचा गुण मानला आणि त्याला संस्काराचा एक प्रकार म्हटले. पुढे गॅलिलिओने आणि १६८७ साली न्यूटनने प्रश्नच उलटा केला. वस्तू का चालते हे विचारू नका, ती का थांबते ते विचारा! कोणी अडवले नाही तर ती त्याच वेगाने, सरळ रेषेत जातच राहील. हेच जडत्व. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्याला कोणतेही इंजिन ढकलत नाही. वाटेत अडवणारे जवळजवळ काही नाही, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा दादा सांगलीला असतो. आई गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून तो मला काही लागेल असे बोलला आणि मीही फोनवर एक वाक्य बोलून गेले. त्याने फोन ठेवला. त्याला सहा वर्षे झाली होती. "काळ जाऊ दे, आपोआप मिटेल," असे सगळे म्हणत आणि मीही तेच धरून बसले होते. पण काळ हे बल नव्हे. नुसता काळ गेल्याने चेंडू थांबत नाही, मग अबोला कसा थांबेल?

मग गावाकडची भांडणे कशी मिटत? मला वाटते, घर्षणाने. लग्नात एकाच पंगतीला बसावे लागे, आजारपणात डबा पोचवावा लागे, बाजारात समोरासमोर गाठ पडे. राग झिजत जाई. आपण मात्र हजारो मैलांवर, जणू पोकळीत. इथे आपला राग घासायला काहीच नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो.

"पण आधी तो बोलला, मग मी का नमायचे?" हा प्रश्न खोटा नाही. चूक कोणाची हे महत्त्वाचे असतेच. परंतु न्यायाची वाट पाहत दोघेही बसले, तर अबोलाच जिंकतो. दगडाला स्वतःला ढकलता येत नाही, माणसाला येते. आपल्यात आणि दगडात फरक असलाच तर तो हाच.

आणखी एक गोष्ट मुलीच्या पुस्तकातच सापडली. आडव्या फेकलेल्या चेंडूचा मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला असतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले. हवेचा अडथळा सोडला तर त्याची आडवी गती तशीच राहते, पण पृथ्वी त्याला क्षणोक्षणी खाली ओढते आणि वाट वळत जाते. कोठे धक्का नाही, झटका नाही. झालेली फेक पुसता येत नाही. पण लहानसे बल सतत लावले तर दिशा बदलते.

पुढच्या रविवारी मी दादाला फोन केला. दोन मिनिटे बोललो, तेही हवापाण्याचे. त्याच्या पुढच्या रविवारी पाच मिनिटे. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. माझे ते वाक्यही परत आलेले नाही. परंतु परवा त्याने आपणहून विचारले, "भाऊबीजेला फोन किती वाजता करशील? मी पाटावर बसून राहीन."

आपल्यापैकी कोणाचा असा एखादा अबोला अंतराळात एकटाच चालला असेल, तर या दिवाळीत काळावर विसंबू नका. एक नंबर फिरवा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फिरवा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!